हृदयरोगी बाबांना ॲड्रेनालिन चालेल का?

वाचकाचे पत्र: आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो. माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली असून मेटोप्रोलोल, रामिप्रिल आणि ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन या गोळ्या रोज चालू आहेत. काचबिंदूसाठी डोळ्यांत टिमोलोलचे थेंबही घालतात. मे महिन्यात एका लग्नाच्या वरातीतून भर दुपारी जेवून परत आल्यावर गुडघे दुखत होते, म्हणून एका नातेवाइकाने दिलेली वेदनाशामक गोळी त्यांनी घेतली. साधारण पंधरा मिनिटांत तळहातांना खाज सुटली, पोटात कळ आली, उलटी झाली आणि ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. ऊन लागले असे समजून आम्ही त्यांना कूलरसमोर खुर्चीत बसवले, कैरीचे पन्हे पाजले, आणि मग स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले, तासाभरात बरे वाटले आणि आम्ही घरी आलो. रात्री नऊच्या सुमारास अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास लागला. मोठ्या रुग्णालयात मांडीत ॲड्रेनालिन देऊन दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवले. डॉक्टरांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, असे निदान लिहून दिले. माझे थोरले दीर अजूनही म्हणतात की हृदयरोग्याला ॲड्रेनालिन देणे फार धोक्याचे होते. बाबांनी भीतीने वांगी, दही, शेंगदाणे, अंडी सगळे सोडले आहे. दिवाळीनंतर त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची आहे. आम्ही काय करावे?

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमच्या दिरांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देणे योग्य ठरेल. त्या रात्री बाबांच्या मांडीत दिलेले ॲड्रेनालिन हेच योग्य औषध होते, ते दुपारीच मिळायला हवे होते, आणि पुन्हा कधी तशी वेळ आली तर वयामुळे किंवा अँजिओप्लास्टीमुळे ते रोखून धरू नये. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनालिन मुळीच देऊ नये असे एकही कारण वैद्यकशास्त्र मानत नाही; हृदयरोग असेल तर इंजेक्शननंतर ईसीजी आणि रक्तदाबावर अधिक बारकाईने लक्ष ठेवावे लागते, एवढाच फरक आहे.

दिरांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण ती पुष्कळ शिकलेल्या माणसांच्या आणि काही वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्याही मनात असते, आणि तिला आधार आहे. ॲड्रेनालिनने हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, छातीत धडधडते. आणि तेच औषध चुकीच्या मात्रेत एकदम शिरेतून गेले तर ठोक्यांची लय बिघडू शकते. ॲड्रेनालिनमुळे हृदयाला झालेल्या गंभीर इजांच्या ज्या हकीकती ऐकू येतात, त्यांतील बहुतेक अशा शिरेतून दिलेल्या किंवा प्रमाणाबाहेर गेलेल्या मात्रेच्या असतात. ॲनाफिलॅक्सिसमध्ये प्रौढ माणसाला द्यायची मात्रा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असलेल्या ॲम्प्यूलमधील साधारण अर्धा मिलिलिटर, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, आणि तीही मांडीच्या बाहेरील बाजूच्या मधल्या भागातील स्नायूत. फरक पडला नाही तर दर पाच ते पंधरा मिनिटांनी ती पुन्हा देता येते. स्नायूतून औषध लवकर पण बेताने रक्तात उतरते. शिरेतील आणि स्नायूतील या फरकामुळेच हृदयरोग्यालाही हे इंजेक्शन देता येते.

दुसरी बाजूही दिरांना सांगा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये शरीरातील मास्ट पेशी हिस्टामिन आणि त्यासारखी इतर रसायने एकदम सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपू लागतो. तीव्र झटक्यात पहिल्या दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांमधील सुमारे ३५ टक्के द्रव अशा रीतीने ऊतींमध्ये निघून जाऊ शकतो. रक्तदाब कोसळला की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांनाही रक्त कमी पडते, आणि ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत त्यांचे नुकसान सर्वांत आधी होते. शिवाय मास्ट पेशी हृदयातही असतात, आणि त्यांच्या रसायनांनी हृदयाच्या धमन्या आकसून ॲलर्जीच्या झटक्यातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो; ग्रीसमधील कौनिस आणि झाव्हरास यांनी १९९१ मध्ये याचे वर्णन केले आणि वैद्यकात तो प्रकार कौनिस यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे हृदय दुबळे आहे म्हणून ॲड्रेनालिनला उशीर करणे, हे त्या हृदयालाच अधिक धोक्यात घालणे आहे.

एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही औषधे चुकीची नव्हेत, पण ती दुसऱ्या फळीची आहेत. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात. कोसळलेला रक्तदाब आणि सुजलेला घसा तिच्या आवाक्यात नसतो. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आहे, आणि त्याचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. इकडे जीवघेण्या झटक्यात हृदयक्रिया थांबेपर्यंतचा वेळ शिरेतून दिलेल्या औषधाच्या बाबतीत पाच मिनिटांच्या आसपास, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाच्या बाबतीत पंधरा मिनिटांच्या आसपास आणि अन्नाच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या आसपास आढळला आहे. या वेळांशी एव्हिलची गती जुळत नाही. शिवाय एव्हिलसारख्या जुन्या पिढीतील ॲलर्जीविरोधी औषधांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो, तोल जाऊन पडण्याचा धोका असतो आणि प्रोस्टेट वाढलेले असल्यास लघवी तुंबते. मग नातेवाइकांना कळत नाही की बाबा औषधाने पेंगत आहेत की रक्तदाब पुन्हा उतरतो आहे.

दुपारी तुम्ही ऊन लागले असे समजलात, याबद्दल स्वतःला दोष देत असाल तर ते सोडून द्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वरातीतून आलेला ज्येष्ठ माणूस उलटी होऊन कोसळला तर कोणत्याही घरात पहिला शब्द उन्हाचाच निघेल. पण यापुढे ओळखता यावे म्हणून काही खुणा सांगते. उष्माघातात अंग तापलेले असते, भ्रम होतो आणि हे सहसा हळूहळू वाढत जाते. ॲनाफिलॅक्सिस बहुधा एखादी गोळी, इंजेक्शन, दंश किंवा जेवण यांनंतर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत येतो आणि वेगाने वाढतो. तळहात, तळपाय किंवा टाळूला खाज, पोटात अचानक कळ, शौचाची घाई, आवाज घोगरा होणे, जीभ जड वाटणे, ‘काहीतरी भयंकर होणार’ अशी घालमेल, या त्याच्या खुणा आहेत. अंगावर गांधी उठल्याच पाहिजेत असे नाही. सुमारे दहा ते वीस टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीही दिसत नाही, आणि रक्तदाब फार खाली गेलेला असताना त्वचेपर्यंत पुरेसे रक्तच पोहोचत नसल्याने पुरळ रक्तदाब सावरल्यावर उमटते. ज्येष्ठांमध्ये श्वासापेक्षा रक्तदाब आणि हृदयाची लक्षणे पुढे असतात, त्यामुळे घरी ऊन किंवा साखर समजली जाते आणि दवाखान्यात कधीकधी हार्ट अटॅक. म्हणून डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे ते हे: “ही गोळी घेतल्यावर इतक्या मिनिटांत असे झाले.”

तुमच्या पत्रातील एका गोष्टीने मला खरोखर काळजी वाटली, आणि ती औषधाची नाही. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला आधी खुर्चीत बसवले गेले आणि नंतर स्कूटरवर दोघांच्या मध्ये उभट धरून नेले गेले. आपल्या गल्ल्यांमध्ये हे रोज दिसते, ते प्रेमापोटीच केले जाते आणि ते प्राणघातक ठरू शकते. या अवस्थेत बसते किंवा उभे केले की उरलेसुरले रक्त पायांत उतरते, हृदयात परतणारे रक्त अपुरे पडते आणि पंप रिकामा चालू लागतो. झोपलेला रुग्ण उठून बसताच काही क्षणांत गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. त्यामुळे बाबांना जिथे असतील तिथेच जमिनीवर आडवे करावे, पायांखाली उशा किंवा गादीची वळकटी द्यावी, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. श्वास फार लागत असेल तर पाठीला टेका द्यावा, पण पाय लांब सोडलेलेच असावेत. पन्हे, पाणी, कांद्याचा रस, काहीही तोंडाने देऊ नये. १०८ ला फोन करून ‘ॲलर्जीचा तीव्र झटका आहे, हृदयरोगी आहेत’ असे स्पष्ट सांगावे आणि रुग्णवाहिकेत झोपवूनच न्यावे. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानचे एम्स किंवा रात्रंदिवस आपत्कालीन विभाग चालणारे तुमच्या जवळचे रुग्णालय यांपैकी कोठे जायचे हे आजच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी घरातील चार माणसांची चार मते होतात.

आता बाबांच्या नेहमीच्या औषधांकडे येऊ. गोळ्यांची पाकिटे समोर घेऊन मूळ औषधाचे नाव वाचा. ज्यांच्या शेवटी ‘लोल’ येते, जसे मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, ती बीटा-ब्लॉकर गटातील असतात; ॲड्रेनालिन हृदयाच्या ज्या ठिकाणी काम करते, त्याच ठिकाणी ही औषधे आधीच बसलेली असतात. त्यामुळे झटका अधिक तीव्र होऊ शकतो आणि ॲड्रेनालिनला मिळणारा प्रतिसाद अपुरा राहू शकतो. अशा वेळी ॲड्रेनालिनच्या जोडीला शिरेतून भरपूर सलाइन आणि ग्लुकागॉन नावाचे औषध दिले जाते, जे बीटा-ब्लॉकरला वळसा घालून हृदयाला बळ देते. म्हणून आपत्कालीन विभागात ‘मेटोप्रोलोल चालू आहे’ हे न विचारता सांगावे. डोळ्यांतील टिमोलोलचे थेंबही याच गटातले आहेत. घरोघरी औषधांची यादी सांगताना थेंब वगळले जातात, पण ते नाकातील अस्तरातून थेट रक्तात शोषले जातात. ‘प्रिल’ने संपणारी औषधे, जसे रामिप्रिल आणि एनालाप्रिल, यांच्यामुळेही झटका बिकट होऊ शकतो. त्यांचा आणखी एक वेगळा त्रास असतो, तो म्हणजे वर्षानुवर्षे गोळी चालू असतानाही एखाद्या दिवशी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे. त्यात खाज नसते, गांधी नसतात आणि ॲड्रेनालिनने विशेष उतार पडत नाही. बाबांना रात्री गांधीही उठल्या होत्या, त्यामुळे तो ॲलर्जीचाच झटका मानणे रास्त आहे, पण रामिप्रिलचा विषय हृदयरोगतज्ज्ञांपुढे काढा; त्याला पर्याय असतात. एक विनंती मात्र आहे की हे वाचून कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नका. बीटा-ब्लॉकर अचानक सोडल्याने छातीत दुखणे उफाळून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि अँजिओप्लास्टीनंतरची ॲस्पिरिन सोडणे तितकेच जोखमीचे आहे.

रात्रीचा त्रास हा नवा नव्हता. पहिला झटका ओसरल्यावर कारण पुन्हा पोटात गेले नसतानाही काही जणांना दुसरा झटका येतो. तो बहुधा काही तासांत येतो, क्वचित तीन दिवसांपर्यंतही येऊ शकतो, आणि ॲड्रेनालिनला उशीर झाला असेल तर त्याची शक्यता वाढते. बाबांसारख्या रुग्णाला बरे वाटले तरी रात्रभर रुग्णालयात ठेवण्याचा आग्रह धरावा.

कारण कोणते, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, पण संशय पहिल्यांदा त्या गोळीवर जातो. ज्येष्ठांमधील तीव्र झटक्यांच्या मागे औषधे आणि मधमाश्या-गांधीलमाश्यांचे दंश ही कारणे तरुणांच्या मानाने अधिक आढळतात. औषधांत वेदनाशामके, पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनसारखी प्रतिजैविके आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून देतात तो कॉन्ट्रास्ट ही ठळक नावे. ‘आयुष्यभर गोळ्या खाल्ल्या, आता या वयात कशी ॲलर्जी?’ असे बाबा विचारत असतील, तर त्यांना सांगा की ॲलर्जी कोणत्याही वयात जडू शकते आणि आधी पचलेले औषधही पुढे त्रास देऊ शकते. ती गोळी अजून सापडते का ते पाहा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या देतात, नाव नेमके दुसऱ्या तुकड्यावर राहते आणि हाती उरतो तो चंदेरी कागद, ज्यावर फक्त एक्स्पायरीची अर्धी तारीख असते. नातेवाइकांकडे उरलेला तुकडा असेल तर त्याचा फोटो मागवा. गुडघेदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारे एखादे एन्झाइम अशी दोन-तीन औषधे एकत्र असतात, म्हणजे संशयितही दोन-तीन असतात.

ॲलर्जीतज्ज्ञ कारण शोधताना, बाबा रोज ॲस्पिरिन, म्हणजे वेदनाशामक गटातीलच औषध, घेत असूनही त्यांना आजवर काही झाले नाही, ही बाब फार उपयोगी पडेल. त्यावरून सगळ्या वेदनाशामकांची नव्हे, एखाद्याच औषधाची ॲलर्जी असण्याकडे कल जातो. तरीही तपासणी होईपर्यंत वेदनाशामक गटातील कोणतीही नवी गोळी, मलम किंवा स्प्रे वापरू नये, आणि ताप आला तरी काय घ्यावे हे आधी डॉक्टरांना विचारावे. घटनेला चार ते सहा आठवडे होऊन गेल्यावर ॲलर्जीची तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते, म्हणून आता जाणे योग्य आहे. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी झाली होती का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. झाली असेल तर आताच्या पातळीशी तुलना करता येते. गोळीची तपासणी घरी ‘अर्धी घेऊन पाहू’ अशा पद्धतीने कदापि करू नका.

खाण्याबद्दल माझे मत ठाम आहे. वांगी, दही, शेंगदाणे, अंडी बाबा इतकी वर्षे खात होते आणि त्या दिवसापूर्वी त्यांना त्रास झाला नव्हता, तर केवळ भीतीपोटी सगळे एकदम सोडण्याला आधार नाही. या वयात प्रथिने कमी झाली की स्नायू झडतात आणि गुडघ्यांवरचा भार वाढतो. एक सावधगिरी मात्र खरी आहे: काही माणसांमध्ये एखादा पदार्थ, विशेषतः गहू, एरवी त्रास देत नाही, पण त्याच्यासोबत वेदनाशामक गोळी, श्रम आणि ऊन जुळून आले की झटका येतो. लग्नाच्या पंगतीत काय काय वाढले होते आणि बाबा वरातीत किती चालले, हे आठवून लिहून ठेवा आणि तज्ज्ञांना दाखवा. तोवर रोजचे जेवण रोजच्यासारखेच होऊ द्या.

घरात ॲड्रेनालिन ठेवावे का, हे तपासणीनंतर ठरेल. कारण एखादे औषध निघाले आणि ते टाळता आले तर गरज कमी असते. दंश किंवा अन्न निघाले तर डॉक्टर ते ठेवायला सांगतील. परदेशात मिळणारे पेनसारखे तयार इंजेक्शन आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर ॲम्प्यूल आणि सिरिंज देऊन घरातील दोघांना तरी मात्रा भरायला आणि मांडीत टोचायला शिकवतात. शिकल्याशिवाय ते करू नये. हे औषध उष्णतेने आणि उजेडाने खराब होते आणि गुलाबी किंवा तपकिरी दिसू लागले की टाकून द्यायचे असते. नागपूरच्या उन्हाळ्यात ते गाडीच्या डिक्कीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणे म्हणजे नसल्यासारखेच. बाबांच्या पाकिटात मात्र आजपासून एक कागद असावा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, त्यावर संशयित औषधाचे मूळ नाव, झटक्याची तारीख, चालू औषधे थेंबांसह, आणि ‘ॲनाफिलॅक्सिस: मांडीत ॲड्रेनालिन द्यावे’ ही ओळ. ती ओळ तुमच्या डॉक्टरांच्या सहीने असेल तर पुढच्या वेळी दिरांशी वाद घालण्यात वेळ जाणार नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रद्द करण्याचे कारण दिसत नाही, पण ती ॲलर्जीच्या तपासणीनंतर ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांना हा सगळा प्रसंग तारीख घेण्यापूर्वीच सांगा. शस्त्रक्रियेच्या दिवशी फॉर्मवरील ‘कशाची ॲलर्जी आहे का’ या रकान्यात घाईने ‘नाही’ लिहिले जाते, ते होऊ देऊ नका. विशेष महत्त्वाचे म्हणजे मोतीबिंदूच्या आधी आणि नंतर डोळ्यांत घालायला जे थेंब लिहून देतात, त्यांत पुष्कळदा केटोरोलॅक, नेपाफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असते, म्हणजे गुडघ्याच्या गोळीच्याच कुळातील औषध. थेंबांच्या बाटलीवरील बारीक अक्षरांतील नाव वाचून, ते बाबांच्या कागदावरील नावाशी ताडून, मगच पहिला थेंब घाला; आणि नेत्रतज्ज्ञांना त्याऐवजी दुसरे थेंब लिहून देता येतील का, हे आधीच विचारून घ्या.